आधी अर्ज, मग टाळ्या

कॉलेजात बौद्धिक संपदेवर कार्यशाळा असली की हल्ली मला आवर्जून पहिल्या रांगेत बसवतात. बाहेरून आलेले वक्ते पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क यांच्या व्याख्या पडद्यावर दाखवतात, ‘आपल्या कल्पना जपा’ म्हणतात, मग प्रमाणपत्रं आणि चहा. कोणापासून जपायच्या, हे कोणी बोलत नाही. म्हणून मी लिहिते आहे. यात भडासही आहे, ती गोड मानून घ्या.

माझं काम डाळिंबाच्या सालीचं. सालीतल्या टॅनिननं सुती कापड पिवळसर रंगतं, हिराकस घातला की करडं होतं, यात नवं काही नाही. खरी अडचण टेरी टॉवेलची. लूपच्या तळापर्यंत रंग सारखा पोचत नाही आणि थोड्या धुण्यांत उतरतो. पक्का करायला जावं, तर टॉवेल पाणी टिपेनासा होतो. तुरटी कधी, किती हप्त्यांत आणि कोणत्या तापमानाला द्यायची, हे बसवण्यात माझी आणि विद्यार्थिनींची वर्षं गेली.

पेटंटच्या अर्जाचा मसुदा तयार होता. अर्जदार कॉलेज, संशोधक आम्ही. फक्त वरची सही हवी होती. फाईल कार्यालयात पडून राहिली आणि त्याच कार्यालयातून पत्र आलं: प्रदर्शन आहे, उद्योजक येणार आहेत, स्टॉल लावा. ‘आधी अर्ज जाऊ द्या,’ असं मी लेखी दिलं. उत्तर तोंडी आलं, ‘मॅडम, टॉवेलच आहे ना तो? आणि आपल्या टॉवेलला मानांकन आधीच मिळालंय की.’

स्टॉलवर एक कारखानदार बराच वेळ रेंगाळले. नमुना चोळून पाहिला, नखानं लूप उलटे करून तळ पाहिला. माणूस जाणकार, यात शंका नाही. पुढं ते प्रयोगशाळेतही येऊ लागले. मी गोपनीयतेचा कागद पुढं केला, तर हसले. ‘काय मॅडम, घरचाच माणूस मी. सोलापुरात शब्दावर लाखांचा माल जातो, कागद कसला मागता?’ त्यांना मी प्रक्रियेचा तक्ता दिला नाही. ‘सहकार्य करार होणारच आहे’ म्हणून तो कार्यालयातून ईमेलनं गेला. मला फक्त प्रत आली.

पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. ते चाळायची मला सवय आहे. एका शुक्रवारी त्यात टॉवेल रंगवण्याच्या पद्धतीचा अर्ज दिसला. अर्जदार तोच कारखाना, संशोधक म्हणून घरातलीच नावं. विषय एक असू शकतो, असं मनाला समजावत मी अर्ज उघडला. दाव्यात लिहिलं होतं: तापमान ६० ते ६५ अंश, शक्यतो ६२.

बासष्ट! आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या वॉटर बाथचा काटा साठवर ठेवला, तरी पाणी बासष्टवर जाऊन थांबतं. दुरुस्तीचा अर्जही कार्यालयातच पडून आहे. म्हणून माझ्या वहीत सगळीकडे बासष्ट. जगात दुसऱ्या कोणाला बासष्ट ‘शक्यतो’ हवं असण्याचं कारणच नव्हतं. त्या आकड्यावरून माझी नजर हलेना. शिपाईमामांनी ‘मॅडम, कुलूप लावू का?’ विचारलं, तेव्हा भानावर आले.

कारखानदारांना फोन केला तर शांतपणे म्हणाले, ‘तुमचं पेपरचं काम, आमचं धंद्याचं. नाव राहिलं असेल, पुढच्या वेळी टाकू.’ नंतर फोन उचलणं बंद. दिवाळीला मात्र टॉवेलचा बॉक्स आला. रंग आमचाच. पुरावा म्हणून तो कपाटात ठेवला आहे.

आता तुमच्या उपयोगाचं. आपल्याकडे कोणाला आधी सुचलं याला महत्त्व नाही, अर्ज आधी कोणाचा याला आहे. त्यासाठी सगळं काम पूर्ण व्हावं लागत नाही. तात्पुरतं विवरण दाखल केलं की तारीख मिळते, पूर्ण विवरणाला त्यानंतर १२ महिने मिळतात. वैयक्तिक अर्जदाराची ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर शैक्षणिक संस्थांनाही ८० टक्के सवलत आहे. म्हणजे ‘निधी नाही’ हे कारण कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. २०२४ पासून तिची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने झाली आहे, तेव्हा जुन्या पुस्तिकेवर विसंबू नका.

प्रदर्शनाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ‘दाखवल्यावर वर्षभर सवलत असते’ म्हणतात. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये अशी सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला. कॉलेजच्या मांडवातलं प्रदर्शन त्यात बसत नाही. विद्वत्संस्थेपुढं वाचलेल्या निबंधालाही १२ महिने मिळतात, पण परदेशातल्या अर्जाला आपलं कलम ३१ कामाला येत नाही. परिषदेचा सारांश, पोस्टर, प्रबंध, विद्यार्थ्यानं हौसेनं टाकलेला व्हिडिओ, हे सगळं अर्जाच्या तारखेनंतरच.

आपल्याच गावातल्या वस्तूंवरून फरक समजून घ्या. सोलापुरी चादर, टेरी टॉवेल, डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे. ते नावाला आणि त्या भागातल्या उत्पादकांना मिळतं, तुमच्या प्रक्रियेला त्याचं संरक्षण नाही. चादरीवरची नवी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता येते, दहा वर्षं आणि पुढं पाच. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या ‘सोलापूर लाल’सारख्या वाणाला पेटंट मिळत नाही. वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. आणि ‘सालीनं रंगतं’ एवढ्यावर पेटंट कोणालाच मिळू नये, कारण कलम ३(पी) पारंपरिक ज्ञान वगळतं. मिळालंच तर क्रमाला, मात्रेला, तापमानाला. अर्जात तेच लिहा.

‘पारंपरिक आहे’ असं नुसतं म्हणूनही भागत नाही. हळदीनं जखम भरते हे आपल्या घराघरात माहीत. तरी १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेनं आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, ते जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील शोधनिबंध पुढं ठेवल्यावर. तारीख असलेला कागद बोलतो.

म्हणून प्रयोगवही. पानांवर छापील क्रमांक, शाईचं पेन, मोकळ्या जागेवर रेघ, आणि विषयाबाहेरच्या सहकाऱ्याची तारखेसह सही. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांच्या सह्यांची सगळे थट्टा करायचे. आज माझी बाजू त्या सह्यांवर आणि कार्यालयाच्या त्या ईमेलवर उभी आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कलम २५(१) खाली विरोध नोंदवता येतो, ‘हे माझ्याकडून गैरमार्गानं मिळवलं’ हा त्यातला पहिलाच आधार. पूर्वी याला फी नव्हती, आता आहे. अर्ज आणि विवरण इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठी चालत नाही. टॉवेल सोलापूरचा, साल सोलापूरची, पण भांडायचं परक्या भाषेत.

मी विरोध नोंदवल्यावर निरोप आला: ‘मिटवून टाकू, संयुक्त नाव लावू.’ घरच्यांना हे उदार वाटलं. वकीलबाईंनी कलम ५० वाचून दाखवलं. वेगळा करार नसेल, तर सहमालक पेटंट स्वतः वापरू शकतो आणि दुसऱ्याला हिशोब देणं लागत नाही. पण परवाना द्यायचा तर दुसऱ्याची संमती हवी. म्हणजे कारखाना त्यांचा, ते टॉवेल काढणार. मला कारखाना नाही, आणि दुसऱ्याला परवाना द्यायला त्यांचीच परवानगी! ज्याच्याकडे यंत्रं आहेत त्याच्याशी संयुक्त मालकी करू नका, परवाना द्या. त्यात रॉयल्टी विक्रीवर ठरवा, नफ्यावर नको, कारण नफा किती दाखवायचा हे त्यांच्या हिशोबनिसाच्या हातात. वर्षाची किमान रक्कम लिहून घ्या, आणि ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू झालं नाही तर परवाना आपोआप संपेल हेही.

संस्थेशी काय? नोकरदाराच्या शोधाचा मालक कोण, हे पेटंट कायद्यात थेट लिहिलेलं नाही. ते नेमणूकपत्र आणि संस्थेच्या धोरणावर ठरतं. केंद्राच्या २०१९ च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार, संस्थेची साधनं भरीव प्रमाणात वापरली तर मालकी संशोधक आणि संस्था यांची मिळून. तुमच्या कॉलेजचं धोरण लेखी मागा. नसेल तर ‘नाही’ हे लेखी मागा. आणि अर्ज सहीला दिला की आवक क्रमांक घ्या, तोंडी ‘बघतो’ घेऊन परत येऊ नका.

राहिलं ते नेहमीचं. नीट वाचून सही करा, चांगला पेटंट एजंट गाठा, धीर धरा. आणि शिक्षकांच्या ग्रुपवर ‘इतक्या हजारांत पेटंटमध्ये नाव’ असे संदेश फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. प्रसिद्ध झालेला अर्ज म्हणजे मंजूर पेटंट नव्हे, आणि डिझाइनची नोंदणी म्हणजे पेटंट अजिबात नव्हे. पदोन्नतीच्या फाईलमध्ये खपून जातं, ही गोष्ट वेगळी.

आमचा स्वतःचा अर्ज शेवटी गेला. मी जर्नलचं पान छापून टेबलावर ठेवलं, त्याच दुपारी सही झाली. सुनावणी व्हायची आहे. दरम्यान कॉलेजचा वार्षिक अहवाल निघाला. ‘बौद्धिक संपदा’ या मथळ्याखाली आमचा अर्ज ठळक अक्षरांत आहे, आणि त्याचं श्रेय ‘व्यवस्थापनाच्या सततच्या पाठपुराव्याला’ दिलं आहे. तो अहवालही मी विरोधाच्या फाईलला जोडणार होते. वकीलबाई म्हणाल्या, राहू द्या, संबंध नाही. संबंध कसा नाही, हे मला अजून कळलेलं नाही.