ओल्या जांभळाचा सालीसकट वाडगा

प्रश्न : वादळात आमचं जांभळाचं झाड पडलं. लेथवर सालीच्या कडेचा वाडगा करायचाय. लाकूड आधी वर्षभर वाळवावं लागेल का?
— एक वाचक, वेल्हे

उत्तर : मुळीच नाही. अख्खा ओंडका वाळवायला ठेवलात तर टोकांना चिरा पडतील; ओलं लाकूड हत्याराला मऊ लागतं.

ओंडका मधोमध उभा चिरून गाभ्याचा बिंदू काढून टाका. सालीची बाजू वाडग्याचं तोंड होईल. भिंत सर्वत्र सारखी, ५-६ मिलिमीटर ठेवून एकाच बैठकीत काता, मग कागदी पिशवीत सावकाश वाळू द्या. गाभ्याकडून सालीकडच्या दिशेच्या तुलनेत लाकूड वलयांच्या दिशेने जवळपास दुप्पट आटतं, म्हणून वाडगा किंचित लंबगोल होईल. तेच तर त्याचं देखणेपण!

पावसाळ्यात साल सैल असते. म्हणून साल आणि लाकडाच्या सांध्यात पातळ सुपरग्लू मुरवा. तुकडा उडू शकतो, तेव्हा चेहऱ्यावर ढाल हवीच.

जांभूळ १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. लाकूड हलवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.