हवेतला कर्ब, पिकातला कर्ब आणि मातीतला कर्ब

गेल्या रब्बी हंगामात गव्हाच्या प्लॉटवर शिवारफेरी चालू असताना एका बागायतदाराने प्रश्न विचारला, "साहेब, कर्बवायू हे तर पिकाचं खाद्य. ते हवेत वाढत चाललंय असं तुम्हीच सांगता. मग गव्हाचा उतारा वाढायला पाहिजे, तो कमी का येतो?" प्रश्न रास्त होता. बांधावर उभ्या उभ्या त्याचे पुरते उत्तर देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

हवेतील कर्बवायू किती वाढला?

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे (कार्बन डायऑक्साइडचे) सुमारे २८० भाग होते. सन १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा ते प्रमाण ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे.

या नोंदींचा आलेख सरळ चढत नाही, तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात रान हिरवे होते, तेव्हा वनस्पती कर्बवायू ओढून घेतात व हवेतील प्रमाण पाच-सहा भागांनी उतरते. पुढे पानगळ होते, पालापाचोळा कुजतो आणि ते पुन्हा चढते. उत्तरेकडील थंड प्रदेशात हे दाते गेल्या काही दशकांत अधिक खोल झाले आहेत. म्हणजे वनस्पती पूर्वीपेक्षा जास्त कर्ब घेतात, हे खरे आहे. माणूस जेवढा कर्बवायू सोडतो, त्यातील साधारण निम्मा हवेत राहतो, पाव हिस्सा समुद्र घेतो व पाव हिस्सा जमिनीवरील वनस्पती आणि माती घेते.

उपग्रहाच्या पाहणीतही २००० ते २०१७ या काळात जगातील हिरवे क्षेत्र वाढल्याचे आढळले आणि त्यात चीन व भारत आघाडीवर होते. मात्र भारतातील या वाढीपैकी चार-पंचमांशाहून अधिक वाढ पिकाखालील जमिनीतील आहे. ती प्रामुख्याने पाणी, खत आणि दुबार पिकामुळे झाली. असे पीक वर्षाच्या आत कापले जाते, खाल्ले जाते, जाळले जाते, आणि त्यातील कर्ब हवेत परत जातो. हिरवेपणा वाढला म्हणजे कर्ब शिल्लक पडला, असे समजू नये.

कोणत्या पिकाला फायदा?

सर्व पिके कर्बवायू सारख्या पद्धतीने घेत नाहीत. गहू, भात, हरभरा, तूर, सोयाबीन, कापूस, भुईमूग आणि बहुतेक भाजीपाला यांचा एक गट आहे. या पिकांच्या पानातील कर्ब पकडणारा घटक अधूनमधून चुकून प्राणवायू पकडतो व केलेली कमाई थोडी वाया जाते. उष्णता वाढली की ही चूक वाढते. हवेत कर्बवायू जास्त असेल तर ती कमी होते, म्हणून या गटाला फायदा मिळतो. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांचा दुसरा गट आहे. ही पिके पानातच कर्बवायू दाबून साठवितात, त्यामुळे हवेतील वाढीचा त्यांना फारसा लाभ नाही. एक फायदा मात्र त्यांनाही होतो. कर्बवायू मुबलक असला की पर्णरंध्रे थोडी मिटलेली राहतात व पाणी कमी उडते, त्यामुळे पाण्याचा ताण पडल्यास पीक थोडे अधिक तग धरते.

उघड्या शेतात नळांचे कडे उभारून पिकावर जादा कर्बवायू सोडण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. सुमारे ५५० भाग प्रमाण ठेवले असता पहिल्या गटातील पिकांचे उत्पादन साधारण १० ते २० टक्के वाढले, पण पाणी आणि नत्र पुरेसे असेल तेव्हाच. शिवाय गव्हाच्या दाण्यात प्रथिने सुमारे ६ टक्के, लोह ५ टक्के आणि जस्त ९ टक्के कमी भरले. ज्या घरात पोळी हेच मुख्य अन्न आहे, त्या घराला हा तोटा वजनकाट्यावर दिसणार नाही. गाजरगवतही जादा कर्बवायूत चांगलेच जोमाने वाढते, हेही लक्षात ठेवावे.

फायदा कोठे खर्च होतो?

पीक दिवसा जेवढी साखर तयार करते, त्यातील जवळपास निम्मी स्वतःच्या श्वसनासाठी खर्च होते. रात्री कमाई बंद असते, खर्च मात्र चालूच राहतो, आणि रात्र जितकी उबदार तितका तो जास्त. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरील १९९२ ते २००३ च्या नोंदी तपासल्या असता, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंशाने वाढले की भाताचे उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

गव्हाचे दुखणे यापेक्षा मोठे आहे. तापमान वाढले की गहू लवकर निसवतो, दाणे भरण्याचे दिवस कमी होतात आणि दाणा बारीक राहतो. मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदीतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणातील गहू त्या वेळी दाणे भरण्याच्या अवस्थेत सापडला आणि मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबविण्याची वेळ आली. महाराष्ट्रातील गहू तर मुळातच उष्णतेच्या काठावर उभा आहे. बागायती वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबर दरम्यान करावी आणि पुढील प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलपर्यंत घट येते, ही शिफारस जुनीच आहे. आता तिला अधिक धार आली आहे. कर्बवायूने दिलेले दहा-पंधरा टक्के उशिरा पेरलेल्या गव्हात फेब्रुवारीअखेरची ऊन-हवा सहज काढून नेते. त्या बागायतदाराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हे आहे. उरलेले मातीत आहे.

मातीचा श्वास

जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात जेवढा सेंद्रिय कर्ब आहे, तेवढा हवा आणि सर्व वनस्पती यांत मिळूनही नाही. मातीतील जीवाणू तो खातात आणि कर्बवायू सोडतात. ओल असेल तर तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचा हा वेग साधारण दुप्पट होतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५२ ते १८७१ या काळात एका वाफ्याला दरवर्षी शेणखत दिले व नंतर बंद केले. शेजारच्या बिनखताच्या वाफ्यापेक्षा त्या मातीत आजही कर्ब जास्त आहे. आपल्या उष्ण रानात एवढी टिकाऊ ठेव मिळणार नाही. येथे दरवर्षी भरणा करावा लागतो.

दुसरी एक गोष्ट आपल्या मृगाशी संबंधित आहे. उन्हाळ्यात कडक तापलेली माती पहिल्या पावसाने भिजते, तेव्हा जीवाणू एकदम जागे होतात. कर्बवायूचा मोठा लोट बाहेर पडतो व सोबत नत्रही मोकळे होते. पूर्व आफ्रिकेत बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये याची मोजणी करून दाखविली. पहिल्या पावसानंतर तणे काळीभोर दिसतात त्यामागे हेच फुकटचे नत्र असते. वाफसा येताच पेरणी झाली तर ते पिकाला मिळते, रान उघडे राहिले तर पाण्याबरोबर खाली निघून जाते. वळवाचे जोरदार पाऊस आणि मध्ये लांबलचक उघडीप, असे भिजणे-सुकणे जेवढे वाढेल, तेवढी ही गळतीही वाढेल.

हिशेब कसा मांडावा?

एक हेक्टर रानातील १५ सें.मी. थराचे वजन सुमारे २२ लाख किलो धरतात. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आला, तर त्या थरात ११ टन कर्ब आहे. आता समजा, ऊसतोडणीनंतर १० टन पाचट रानात राहिले. त्यात सुमारे ४ टन कर्ब असतो. कुजताना बहुतेक कर्बवायू होऊन जातो. वर्ष-दोन वर्षांनी जेमतेम अर्धा टन मातीत मुरलेला राहतो. टक्केवारीत ही वाढ ०.०२ होते.

हा आकडा पाहून निराश होऊ नये. पाचट पेटविले तर तोही मिळत नाही, नत्र धुरात जाते आणि वरच्या थरातील कर्बही खर्ची पडतो. दुसरे असे की, एका हंगामात सेंद्रिय कर्ब पाव टक्क्याने वाढवून देणारी पिशवी कोणी विकावयास आला, तर वरील हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. पाव टक्का म्हणजे साडेपाच टन कर्ब. तो ५० किलोच्या पिशवीत कसा मावतो, ते त्याने सांगावे.

खोडव्यात पाचट पसरून प्रत्येक टन पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धन टाकावे. युरिया न दिल्यास कुजविणारे जीवाणू जमिनीतील नत्र उचलतात आणि खोडवा काही दिवस पिवळा पडतो. पाचट जाळण्याकडे ओढा होतो तो बहुधा याच पिवळेपणामुळे. बुडख्यांवरील पाचट बाजूला सारावे, म्हणजे फुटवे चांगले येतात.

कोरडवाहू रानात एवढे सेंद्रिय द्रव्य मिळत नाही. तेथे तुरीचा पालापाचोळा व सोयाबीनचा भुसा रानाबाहेर जाऊ देऊ नये, धसकटे वेचून जाळू नयेत आणि गरजेपेक्षा जास्त नांगरट टाळावी. ढेकूळ फुटले की आतील झाकलेला कर्ब जीवाणूंना उघडा पडतो. खरिपात नत्राची पूर्ण मात्रा पेरणीलाच न देता विभागून द्यावी.

मातीचा नमुना दर तीन-चार वर्षांनी, त्याच ठिकाणाहून, त्याच खोलीचा व त्याच महिन्यात घ्यावा. उन्हाळ्यात पीक निघाल्यावर व शेणखत पसरण्यापूर्वीची वेळ योग्य. उकिरड्याजवळची, बांधालगतची आणि झाडाखालची जागा नमुन्यासाठी वगळावी, नाहीतर अहवालात कर्ब भरपूर दिसतो आणि रानात तो नसतो.