तेलाची बातमी

वर्तमानपत्रात बाजारभावाचे एक पान असते. कांदा, तूर, कापूस, सोने यांचे भाव तेथे दिलेले असतात. त्यांच्याजवळच एक ओळ दिसते : ‘कच्चे तेल, ब्रेंट, पिंपाला इतके डॉलर.’ आपल्यापैकी पुष्कळ जण ती ओळ सोडून देतात. डॉलरशी आपला काय संबंध, असे वाटते. पण ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. माल नेणारा ट्रकही डिझेलवरच चालतो. म्हणून आज ती ओळ आपण नीट वाचू.

आधी ‘पिंप’ घ्या. इंग्रजीत त्याला बॅरल म्हणतात. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात तेलाची विहीर लागली. तेथले लोक तेल लाकडी पिंपांत भरून नेत. आता तेल मोठ्या जहाजांतून आणि नळांतून जाते. पिंप राहिले ते फक्त मापापुरते. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.

आता ‘ब्रेंट’. हे एका रानहंसाचे नाव. युरोपच्या उत्तर समुद्रात तेलाची एक खाण होती, तिला हे नाव दिले होते. २०२१ साली त्या खाणीचे तेल निघणे थांबले, तरी भावाला नाव तेच चालू आहे. आपल्याकडे कांद्याचा व्यापारी आधी लासलगावचा भाव विचारतो ना? तसेच हे. तेल कुठलेही असो, बोलणे ब्रेंटच्या भावावरून सुरू होते.

हा भाव आपल्याला का लागतो? आपल्या देशात तेल आहे, पण थोडे. आसामात दिग्बोईला जुन्या विहिरी आहेत. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ नावाच्या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात भोक पाडले आणि तेल काढून दाखवले. त्या जागेला ‘बॉम्बे हाय’ नाव पडले. समुद्राच्या तळावरून नळ टाकून तेथले तेल आणि वायू आपल्या उरणला आणले. एवढे असूनही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल बाहेरून विकत आणावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसचेही निम्म्याहून अधिक तसेच.

आता हिशेब करू. पाटी घ्या. समजा, पिंपाचा भाव ८० डॉलर आहे आणि एका डॉलरला ८५ रुपये पडतात. ८० गुणिले ८५, म्हणजे ६,८०० रुपये. त्याला १५९ ने भागा. लिटरला सुमारे ४३ रुपये आले.

“मग पंपावर एवढे जास्त का घेतात?” असे कोणी विचारील. विचारणे बरोबर आहे. कच्चे तेल इंजिनात घालता येत नाही. कारखान्यात तापवून त्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस वेगवेगळे काढतात. त्याचा खर्च आला. वाहतूक आली, पंपवाल्याचे कमिशन आले. त्यावर दोन कर : एक दिल्ली सरकारचा, दुसरा राज्य सरकारचा. हे कर मोठे आहेत.

२०२० सालचेच पाहा ना. साथीमुळे जगभर गाड्या थांबल्या. तेलाला गिऱ्हाईक उरले नाही. २० एप्रिलला अमेरिकेत मे महिन्यात माल उचलण्याच्या सौद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला : उणे ३७ डॉलर ६३ सेंट! म्हणजे ‘माल न्या, वर पैसेही घ्या.’ तेल ठेवायला टाक्याच रिकाम्या नव्हत्या. टोमॅटो रस्त्यावर ओतणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पण आपल्या पंपावर तेल फुकट झाले का? नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आणि मे महिन्यात दिल्ली सरकारने आपला कर वाढवला. मे महिन्यात डिझेलवर लिटरला १३ रुपये वाढले. जगात झालेली स्वस्ताई सरकारी तिजोरीत गेली. सरकारलाही त्या वर्षी पैशांची अडचण होती, हे खरे. पण वाचणाऱ्याने दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

आणखी एक गोष्ट. बातमी वेगळी आणि अंदाज वेगळा. ‘काल भाव ८० डॉलर झाला’ ही बातमी. ‘आखातात तणाव, तेल भडकण्याची शक्यता’ हा अंदाज. इराण आणि ओमान यांच्यामध्ये होर्मुझची सामुद्रधुनी आहे. २०२४ साली जगात खपलेल्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या वाटेने गेला. म्हणून तेथे खुट्ट झाले की अंदाज सुरू होतात. काही खरे ठरतात, काही नाही. बातमीत ‘शक्यता’, ‘जाणकारांच्या मते’, ‘समजते’ असे शब्द दिसले की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा.

आता गावातला हिशेब. ट्रॅक्टरवाला म्हणतो, “आबा, तेल लई महागलं. नांगरटीला एकरी शंभर जास्त पडतील.” पंपावरचा फलक पाहा. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता भाव बदलण्याची पद्धत आली, तरी महिनोन्‌महिने तो तसाच राहिल्याचेही आपण पाहिले आहे. समजा, खरेच लिटरला ३ रुपये वाढले. एकराला ६ लिटर डिझेल लागत असेल, तर ६ गुणिले ३ म्हणजे १८ रुपये. उरलेले ८२ कशाचे, ते त्याला विचारा. टायर महागला असेल, ड्रायव्हरचा पगार वाढला असेल. तो सांगेल, मग तेही पाटीवर मांडा.