हॉल थ्रस्टरमधील इलेक्ट्रॉन आणि 'असंगत' हा शब्द

अवकाशयानाच्या 'हॉल थ्रस्टर' या विद्युत इंजिनात इंधन जळत नाही. बहुधा झेनॉन वायू वापरतात. त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि उरलेले धनभारित आयन विद्युतक्षेत्रामुळे वेगाने मागे फेकले जातात. त्या प्रतिक्रियेने यान पुढे जाते. आयन-इलेक्ट्रॉनांच्या या मिश्रणाला मराठी विश्वकोशात 'आयनद्रायू' म्हटले आहे. रूढ शब्द प्लाझ्मा. २०२३ साली निघालेले नासाचे 'सायकी' यान अशाच इंजिनांच्या बळावर एका लघुग्रहाकडे चालले आहे.

इंजिनाच्या कंकणाकृती पोकळीत विद्युतक्षेत्र लांबीच्या दिशेने, तर चुंबकीय क्षेत्र त्रिज्येच्या दिशेने असते. झेनॉनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २,४०,००० पट जड असल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला फारसे वळवत नाही. हलका इलेक्ट्रॉन मात्र अडकतो व पोकळीत गोल फिरत राहतो. तो अडकतो म्हणूनच आयनांना ढकलणारे विद्युतक्षेत्र टिकते.

पण तो पुरता अडकत नाही. टकरींच्या सिद्धांतानुसार तो अणूंवर आदळला तरच धनाग्राकडे सरकायला हवा. प्रत्यक्षात गळती त्याहून पुष्कळ अधिक असते. चुंबकीय क्षेत्र दुप्पट केल्यास या सिद्धांताप्रमाणे गळती एक चतुर्थांश व्हावी. डेव्हिड बोम यांच्या सूत्राप्रमाणे ती निम्मीच होते. त्या सूत्रातला १/१६ हा गुणक अनुभवसिद्ध मानला जातो. या जादा गळतीचे नाव 'असंगत वहन'.

संगणकीय प्रतिमाने मुख्यतः दोन प्रकारची. एकात लक्षावधी प्रातिनिधिक कणांचा क्षणाक्षणाचा माग काढतात. हे काम फार वेळखाऊ. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांना प्रवाही द्रव्य मानतात. गणित झटपट होते, पण गळतीचा गुणक बाहेरून द्यावा लागतो. उत्तर मोजमापाशी जुळेपर्यंत तो बदलत राहतात. तयार इंजिनाचे वर्णन त्यातून चांगले होते. न बांधलेल्या इंजिनाचे भाकीत मात्र भरवशाचे ठरत नाही. म्हणून महागड्या, हजारो तासांच्या चाचण्या टळत नाहीत. इलेक्ट्रॉनांच्या वर्तुळाकार प्रवाहात उठणाऱ्या सूक्ष्म लहरी हे गळतीचे एक प्रमुख कारण असावे, असे अभ्यासक मानतात. त्या लहरींवरून गुणक काढण्याचे प्रयत्न चालू आहेत.

भाषेच्या अभ्यासकाने येथे 'असंगत' या शब्दाशी थांबावे. विसंगती कोणाशी? निसर्गाशी नव्हे, आपल्या सिद्धांताशी. पारिभाषिक संज्ञा शिकवताना ती कशाचे स्पष्टीकरण देते आणि कोणत्या प्रश्नाला केवळ नाव देते, हा भेद विद्यार्थ्यांना दाखवून दिला पाहिजे.