जुन्या वहीचा धडा
पेढीवरील बिलयंत्रात लहानसा प्रोसेसर असतो. त्याला चालविणाऱ्या अंगभूत आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ती बदलत असता मध्येच वीज गेली, तर जुनी पुसलेली व नवी अपुरी राहून यंत्र निर्जीव होण्याचा संभव असतो.

ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावरील ‘क्युरिऑसिटी’ या अमेरिकन गाडीची आज्ञावली पृथ्वीवरून बदलण्यात आली. गाडीत दोन संगणक होते. एकावर नवी आज्ञावली प्रथम तात्पुरती चालवून पाहिली, मग कायम केली. त्यानंतरच दुसऱ्यास हात लावला. या कामास चार दिवस लागले.

नव्या वहीचा ताळा जुळल्यावाचून आपणही जुनी वही मोडीत काढीत नाही. म्हणून आम्ही व्यापारी बंधूंना एवढेच सुचवितो: आज्ञावली निर्मात्याकडूनच घ्यावी, हिशेबाची प्रत आधी काढावी, विजेची खात्री करावी आणि गिऱ्हाइकीच्या वेळी हे काम काढू नये.