आधी अन्न, मग उपदेश



विहारात वंदना आटोपली की पुष्कळदा एक प्रश्न निघतो. आपल्या नाशिकात रामकुंडाजवळ, गोदाघाटाच्या पायऱ्यांवर, नाशिकरोड स्थानकाच्या आसपास उपाशी आणि बेघर माणसे पडलेली दिसतात. आपल्या शिकत्या मुलामुलींनी त्यांच्यासाठी काही करावे काय? नवदीक्षित कुटुंबातील आईबाप म्हणतात, "गुरुजी, आम्ही आता कुठे दोन वेळच्या भाकरीला लागलो. पोराच्या हातातले पुस्तक सोडवून त्याला घाटावर कशाला धाडता?" ही शंका स्वार्थातून आलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीतून आलेली आहे. म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे.

भगवंतांनी काय केले?

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची एक कथा आहे. भगवान बुद्ध तेथे आले. नगरवासीयांनी त्यांना भोजन दिले. सारे लोक उपदेश ऐकण्यासाठी बसले, पण भगवंत बोलेनात. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. त्याला शोधत तो रानोमाळ भटकला आणि उन्हाने व भुकेने थकून उशिरा येऊन पोहोचला. भगवंतांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की काही अन्न उरले आहे काय? आधी त्याला पोटभर जेवू घातले, आणि मगच धम्म सांगितला. भिक्खूंना याचे नवल वाटले. भगवंतांनी त्यांना समजावले की भूक हा सर्वांत मोठा रोग आहे आणि भुकेने पीडलेल्याला धम्म कळत नाही.

श्रावस्तीच्या सुदत्त श्रेष्ठीला आपण अनाथपिंडिक म्हणतो. अनाथांना अन्न देणारा, असा त्या नावाचा अर्थ आहे. म्हणजे आपल्या परंपरेतील थोर उपासकाची ओळखच मुळी भुकेल्याच्या घासावरून झाली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दहांतील पहिली दानपारमिता होय.

आपल्या डोंगराची साक्ष

दान हे राजे-सावकारांचे काम, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा त्रिरश्मीच्या लेण्यांत जाऊन यावे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ती बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतले शिलालेख दानाची रोजकीर्दच आहेत. सुमारे 1900 वर्षांपूर्वी उषवदात नावाच्या, राजघराण्याच्या जावयाने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे वाटसरूंसाठी विश्रामगृहे बांधली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि तीरावर पाणपोया घातल्या. यातले गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळचेच. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने या डोंगरावर राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. आणि एका लेण्याचा दाता आहे मुगूदास नावाचा मासेमार. त्याच्या परिवारासह त्याचे नाव खडकावर कोरलेले आहे. राजाचा जावई, घरातली बाई आणि जाळे टाकणारा माणूस, तिघांच्या नावाला तोच खडक लाभला.

याच डोंगराच्या पायथ्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मुंबईहून हजारो कामगार डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर घेऊन कसारा घाट चढून याच रस्त्याने उत्तरेकडे चालत गेले. वाटेवरच्या गावकऱ्यांनी, गुरुद्वारांनी आणि तरुणांच्या अनेक गटांनी त्यांना पाणी आणि जेवण दिले. 1 मे 2020 रोजी नाशिकरोडहून भोपाळकडे श्रमिकांची गाडी सुटली. पण पुढे आठच दिवसांत करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडले आणि त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या. ती छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. बेघर म्हणजे आळशी, असे म्हणणाऱ्याने त्या भाकऱ्या आठवाव्यात. राबणारा माणूस एका महिन्यात बेघर होऊ शकतो.

तुकडा आणि घास

आता मुख्य मुद्दा. भुकेल्याला अन्न देणारे घाटावर पुष्कळ येतात. कोणी पितरांच्या नावाने येतो, कोणी ग्रहदशा टळावी म्हणून येतो. तेथे घेणारा माणूस हा देणाऱ्याच्या पुण्याचे साधन असतो. ज्या दिवशी कोणाचे श्राद्ध नसते, त्या दिवशी त्याचे पोट कोणाला आठवत नाही.

आपल्याला हे वेगळे सांगायला नको. घरातील वृद्ध आजीला विचारा. येसकराची पाळी आली की दारोदार टोपली घेऊन फिरावे लागे. गावभर राबल्याचा तो मोबदला होता, पण तो हक्क म्हणून मिळत नसे. शिळी भाकर वरून टाकली जाई, हाताला हात लागू नये म्हणून. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले की उष्टे आणि शिळे तुकडे सोडा. त्या तुकड्यांत अन्न होते, पण माणुसकी नव्हती.

म्हणून आपल्या मुलांनी घाटावर जायचे ते तुकडा टाकायला नव्हे, घास द्यायला. वरून टाकतात तो तुकडा. शेजारी बसून देतात तो घास.

कसे करावे?

विहारातील विद्यार्थ्यांचा दहा-बारा जणांचा गट करावा. सोबत दोन जाणती माणसे असावीत. पंधरवड्यातून एक वार ठरवावा आणि तो चुकवू नये, कारण वाट पाहायला लावून न जाणे हे न देण्यापेक्षा वाईट. वस्तीतील प्रत्येक घराने रोज मूठभर धान्य एका डब्यात बाजूला काढावे. अन्न ताजे असावे. म्हाताऱ्यांना दात नसतात, त्यांच्यासाठी मऊ खिचडी बरी. आपल्या घरी पाहुण्याला वाढणार नाही ते घाटावर नेऊ नये.

जेवणाऱ्यास आजी, बाबा, दादा, ताई अशी हाक मारावी. नाव विचारावे, जात विचारू नये. वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "सर, ती माणसे आपल्या समाजाची आहेत का?" मी त्याला म्हटले, "आळवीच्या शेतकऱ्याला भगवंतांनी हे विचारले होते काय?" छायाचित्रे काढू नयेत. अन्नाच्या बदल्यात उपदेश ऐकवू नये, दीक्षेची गोष्ट तर काढूच नये. भुकेच्या बदल्यात घेतलेला होकार हा होकार नव्हे.

अन्नावरच थांबू नये

कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित सांगतो की आधी शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला वेतन दे. गरिबीचे मूळ तोडल्याखेरीज दान पुरे होत नाही, हा त्याचा अर्थ.

येथे आपल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण कामी येते. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून अधिक लोक बेघर मोजले गेले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबाला धान्याचा हक्क दिला, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो. पण ज्याला पत्ता नाही त्याला शिधापत्रिका मिळवणे कठीण. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेचे अनुदान मिळू शकते, पण तहसील कचेरीत अर्ज कोण लिहील? आजाऱ्याला सिव्हिल हॉस्पिटलात नेऊन केसपेपर कोण काढील? दहावी-बारावीचा मुलगा हे करू शकतो. एक खिचडी एका रात्रीपुरती असते. नीट भरलेला अर्ज वर्षभर जेवू घालतो.

आईबापांच्या शंकेचे उत्तर याच ठिकाणी आहे. पंधरा दिवसांतून दोन तास गेल्याने अभ्यास बुडत नाही. परीक्षेच्या महिन्यात घरच्या मोठ्यांनी जावे. आपण पोराला शिकवतो ते कशासाठी? केवळ त्याने टोपलीतून सुटावे म्हणून नव्हे, तर त्याने दुसऱ्याच्या हातची टोपली सोडवावी म्हणूनही.

घरी चर्चेसाठी प्रश्न
1. आळवीच्या कथेत भगवंतांनी उपदेश का थांबवला?
2. आपल्या कुटुंबात भाकरीच्या टोपलीची कोणती आठवण आहे? ती मुलांना सांगितली आहे काय?
3. आपल्या वस्तीजवळ उघड्यावर झोपणाऱ्या एका तरी माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

जय भीम!