मनगटावरच्या आकड्यांचं काय करायचं?

हल्ली नाडी बघायला रुग्णाचा हात हातात घेतला की आधी फिटनेस बँड वर सरकवावा लागतो. कुणाला मुलाने वाढदिवसाला दिलेला असतो, कुणाला परदेशी परतताना लेकीने बांधून दिलेला, तर कुणी दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. तपासणी होते, चिठ्ठी लिहून होते आणि खुर्चीतून उठता उठता प्रश्न येतो, "डॉक्टर, माझ्या दहा हजार स्टेप्स काही होत नाहीत. चालेल का?"

चालेल. दहा हजार हा आकडा कुठल्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं सुटलं. पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' घातली. आकडा गोल, लक्षात राहायला सोपा. जाहिरातीतला तो आकडा आज आपल्या मनगटावर येऊन बसला आहे.

मग किती पुरतं? अमेरिकेत १६,७४१ वयस्क महिलांच्या पावलांची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्या गटापेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्या गटात पुढच्या चारेक वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. पावलं वाढली तसा फायदाही वाढला, पण साडेसात हजारांच्या आसपास तो स्थिरावला. मुळात धडधाकट माणूसच जास्त चालतो, हे अशा अभ्यासात गृहीत धरावंच लागतं. तरीही साठी ओलांडलेल्या माझ्या रुग्णांना मी हेच आकडे सांगतो, कारण त्यातला सर्वांत मोठा लाभ अगदी कमी चालणाऱ्यांच्या पदरात पडतो.

नवा बँड घेतला असेल तर पहिला आठवडा काहीच करू नका. नुसता घाला आणि नेहमीसारखं वागा. आठवड्याच्या शेवटी सरासरी पाहा. ती ३,१०० आली तर ३,१०० हा तुमचा आरंभ. शेजाऱ्याच्या नऊ हजारांशी त्याचा संबंध नाही. पुढचे दोन आठवडे त्यात हजारभर पावलांची भर घाला, ती अंगवळणी पडली की आणखी हजार. मिनिटाला शंभर पावलं हा मध्यम वेग धरला तर हजार पावलं म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. पावलं मोजणाऱ्या यंत्रांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये घेतला गेला होता. ही यंत्रं वापरणारे लोक दिवसाला सुमारे अडीच हजार पावलं जास्त चालू लागले, आणि त्यात उद्दिष्ट ठरवून घेणं हा कळीचा मुद्दा ठरला.

ही दहा मिनिटं शक्यतो जेवणानंतर काढा. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच. जेवल्यावर रक्तात चढणारी साखर चालते स्नायू ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरचा चढ बोथट होतो. आजीच्या सांगण्यावरून शतपावली घालणाऱ्यांनी ती शंभरावर न थांबवता हजारावर न्यावी, एवढंच. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा.

आता बँड काय मोजतो ते पाहा. त्याला पाय दिसत नाहीत, हाताची हालचाल तेवढी कळते. माझ्या एका रुग्ण बाईंचा बँड सकाळी साडेसातलाच बाराशे पावलं दाखवायचा. ओट्यापासून त्या हलल्याही नव्हत्या. दहा माणसांच्या पोळ्या लाटून झाल्या होत्या. भजनात टाळ वाजवताना आणि खड्ड्यांतून दुचाकी चालवतानाही असंच होतं. उलट मंडईतून दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन जिना चढाल, तेव्हा हात हलत नाहीत म्हणून खरी मेहनत गळून पडते. सूर्यनमस्कार आणि दंड-बैठका त्याच्या पावलांच्या हिशेबात जवळपास येतच नाहीत. म्हणून त्या सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम व्यायामाच्या जोडीला.

हा गोंधळ असला तरी तुमचा बँड रोज साधारण सारखाच चुकतो, त्यामुळे मागच्या महिन्याशी या महिन्याची तुलना करायला तो कामाचा आहे. दोन माणसांची तुलना करायला नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टेप्सची चढाओढ लागली की गुडघे दुखणारे काका रात्री अकराला हॉलमध्ये येरझारा घालू लागतात. असं करू नये.

कॅलरीच्या आकड्याकडे तर पाहूच नका. स्टॅनफर्ड विद्यापीठात सात उपकरणं तपासली होती, तो अभ्यास २०१७ चा. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३. या आकड्यावर विसंबून संध्याकाळी वडापाव खाणारे मी पाहतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच ४७१ जास्त वजनाच्या तरुणांचा दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही गटांना होतं. बँड लावलेल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, न लावलेल्यांचं जवळपास सहा. वजन हे बँडचं काम नाही, ते ताटाचं आहे.

झोपेच्या गुणांवरही फार जीव टाकू नका. मालिका बघत सोफ्यावर निपचित पडलात तरी बँडला ती झोप वाटू शकते. सकाळी ताजंतवानं वाटत असेल तर झोप झाली.

ठोक्यांबद्दल एक सावधगिरी. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ठोके गोळीमुळेच कमी राहतात. बँडने ठरवलेला 'टप्पा' गाठण्यासाठी अशा माणसाने धावू नये. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. पेसमेकर बसवला असेल तर घड्याळ छातीपासून किमान वीतभर दूर ठेवा, आणि अंगातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून चरबी मोजणारी सोय वापरूच नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. सुई न टोचता रक्तातली साखर मोजल्याचं सांगणारं घड्याळ किंवा अंगठी ऑनलाइन दिसली तर विकत घेऊ नका. अमेरिकेच्या औषध नियामक यंत्रणेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा उपकरणांविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्यांनी एकालाही मान्यता दिलेली नव्हती. त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर जीवावर बेतू शकतं. दंडावर चिकटवायचे सेन्सर वेगळे, त्यांची बारीक तार कातडीखाली जाते.

घड्याळातला ईसीजी हृदयाची अनियमित लय पकडायला मदत करतो. तसा इशारा पुन्हा पुन्हा आला तर दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांकडे जाऊन नेहमीचा ईसीजी काढून घ्या. पण हार्ट अटॅक त्या घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत दाब आला, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर मनगटाकडे बघत बसू नका. १०८ ला फोन लावा.

ज्यांच्याकडे बँड नाही त्यांनी केवळ यासाठी पैसे घालवू नयेत. खिशातला फोनही पावलं मोजतो, फक्त तो फ्रिजवर ठेवून घरभर फिरू नका. आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या यादीखाली गेल्या चार आठवड्यांची रोजची सरासरी लिहून न्या. आजच्या स्टेप्स दाखवू नका, त्यांचा आम्हाला उपयोग नसतो.